पाण्याकडे उतरून दाखव

सर,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायला बसलं की पाठ आपोआप ताठ होते. पुण्यात तुमच्या संस्कृतच्या वर्गात जे शिकले, त्याचं इथे नेदरलँड्समध्ये मी काय केलं, ते सांगायचं आहे. बसून ऐका, उभ्याने ऐकण्यासारखं नाही.

मी सध्या पॅसिफिक महासागरातल्या एका चिमुकल्या बेटाची भाषा लिहून काढते आहे. ती बोलणारे आता एका पंगतीत मावतील. या भाषेत डावं-उजवं नाही. जे काही आहे ते पाण्याकडचं नाहीतर डोंगराकडचं. जेवताना तुमच्या 'पाण्याकडच्या गालाला' शीत लागलेलं असतं, आणि तुम्ही मागे वळलात की तेच शीत डोंगराकडच्या गालावर जातं. बेटाच्या मधोमध डोंगर, त्यामुळे तिथे पाण्याकडे कुणी नुसतं जात नाही, उतरतं.

मला शिकवणारे म्हातारे गृहस्थ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे येऊन राहिलेत, इथल्या बाडहूव्हडॉर्प गावात. मुलगी विमानतळावर कामाला. मी त्यांना काका म्हणते. तो आमच्याकडचा हुद्दा असावा अशी त्यांची समजूत आहे. दर शनिवारी मुलीच्या स्वयंपाकघरात ते आठवडाभराचं सांगतात आणि मी लिहिते. पहिले दोन महिने त्यांनी रेकॉर्डर टेबलावर ठेवूच दिला नाही. ते यंत्र जांभई देत नाही, मग मी थांबायचं कधी, म्हणाले.

आणि इथे तुम्ही येता. काका फिरून आल्याचं सांगताना 'पाण्याकडे चढलो' म्हणत. मला वाटलं, वय झालं, परदेशात राहून भाषा बिघडली. 'अशुद्ध लिहिण्यापेक्षा उपाशी झोपा, बाई' हे तुमचं वाक्य कानात होतंच. मी दिसेल तिथला 'चढलो' पुसून 'उतरलो' केला. अगदी भक्तिभावाने. तुमच्या लाल शाईखाली निदान मूळ अपराध दिसायचा; संगणकावर तोही उरत नाही.

पुढच्या गुरुवारी काका बेटावर परत चाललेत. पुन्हा भेट व्हायची शक्यता नाही, म्हणून काल सगळं त्यांना वाचून दाखवायला बसले. दुसऱ्याच पानावर त्यांनी हात वर केला.

"हे कोण बोललं?"

"तुम्हीच, काका."

"इतकं मूर्खासारखं?"

त्यांनी बूट चढवले, काठी घेतली आणि मला मनगटाला धरून बाहेर काढलं. मुलगी मागून गुडघ्याबद्दल ओरडत होती. पण तेवढं ऐकू न येण्याची विद्या त्यांना अवगत आहे. घरामागे गवताचा उंच बांध आहे, त्याला पायऱ्या. वर पोचलो. मागे स्वयंपाकघराची खिडकी आमच्या बुटांच्याही खाली, आणि समोर काठोकाठ भरलेला कालवा, त्यावरून एक बोट निवांत चाललेली. सर, हे गाव समुद्राच्या पातळीखाली आहे. अकरा वर्षं मी या देशात राहते. मला ते ठाऊक होतं, भूगोलाच्या पेपरापुरतं.

"आता पाण्याकडे उतरून दाखव," काका म्हणाले.

बोटीतल्या बाईंनी आम्हाला हात केला. मीही केला. दुसरं काय करणार?

रेकॉर्ड झालेलं पुन्हा ऐकून नीट करता येईल. पण पहिले दोन महिने फक्त माझ्या लिखाणात आहेत, आणि सगळे 'उतरलो' परत 'चढलो' करावेत तर तसंही नाही. घरापुढे सखल पाण्याचा चरही आहे, त्याच्याकडे काका खरंच उतरले असतील. कुठे काय म्हणाला होतात, असं मी त्यांना विचारलं.

"मला कसं आठवणार? तू लिहीत होतीस ना?"

रागावले नाहीत. माशांचं सूप गरम आहे का, तेवढं मुलीला विचारलं. तुम्ही पार फाडून खाल्लं असतंत, ते सोपं गेलं असतं. आज त्या दोन महिन्यांच्या प्रत्येक पानावर मी 'विश्वसनीय नाही' असं लिहून सही केली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमच्या आईकडून आलेलं एक स्तोत्र तुम्ही आम्हाला म्हणून दाखवायचात. त्यात एक शब्द छापील पोथीहून वेगळा होता. सर चुकले असं धरून मी वहीत पोथीतला लिहिला. तुम्ही वही तपासलीत, त्या ओळीवर थोडे थांबलात, आणि लाल शाई न लावता परत दिलीत. तुमचा शब्द कोणता होता, ते मला आठवत नाही.