मास्तरांच्या घरातला हिरवा दिवा

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढे वाचाल तसं ते आपोआप खोडलं जाईल. तुमचा गुडघा आता बरा असेल. मामीला नमस्कार सांगा (पण पत्र मोठ्यानं वाचून दाखवू नका).

मी कॉलेज सोडल्यावर तुम्ही चिकटवून दिलेली नोकरी अजून आहे. शनिवारपर्यंत तरी आहे. लोकांनी वीज वाचवावी म्हणून आम्ही एक डबी बनवतो. ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावायची. शेजाऱ्यांपेक्षा वीज कमी जाळली तर हिरवा दिवा, जास्त जाळली तर लाल. आमच्या मॅडमचं म्हणणं, माणसाला आकडे कळत नाहीत, शेजारी बरोबर कळतो. चाचणीसाठी एका इमारतीतली तीस घरं घेतली आणि डब्या लावायला मला धाडलं. तिसऱ्या मजल्यावर चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांना एक मुलगी आहे. (पुढचं तुम्ही ओळखलंत. मामीनं तर केव्हाच.)

त्यांच्याकडे रोज लाल. मास्तर दिवसभर गिझर चालू ठेवणार आणि खापर फुटणार तिच्या इस्त्रीवर. एकदा ती जिन्यात भेटली, डोळे भरलेले. तुमच्या डबीपायी आमच्याकडे चहासुद्धा भांडल्याशिवाय होत नाही, म्हणाली. माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे (कॉलेजही अशाच एका दुपारी सोडलं). तडक ऑफिसात गेलो आणि त्यांचा दिवा कायमचा हिरवा करून टाकला. घरात शांतता झाली, मी तीन दिवस हवेत. पण मास्तरांनी हिशेब असा मांडला, की इतकं जाळूनही हिरवाच आहे तर अजून थोडं जाळायला हरकत नाही. आता गिझर आहेच, वर रिकाम्या खोल्यांतले पंखेही फिरतात, आणि मास्तर दारोदार काटकसरीवर व्याख्यानं देतात. त्यांचं ऐकून खालच्या शिंपीणबाईंनी अंधारात शिवण केली आणि एका सदऱ्याला बाही उलटी लावली.

मॅडमनी आजवर फक्त दिवे पाहिले आणि मास्तरांचं घर आदर्श ठरवलं. शनिवारी गच्चीवर मास्तरांचं भाषण आहे, आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीवर तीसही घरांच्या खऱ्या वापराचे आलेख. सगळ्यांत उंच कोणाचा, ते सांगायला नको. काल तिला सगळं सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "बाबांचं चारचौघांत हसं झालं, तर मला तोंड दाखवू नका. त्याआधी त्यांना सांगा. तुम्ही स्वतः."

बाकी क्षेम.

आपला भाचा

ता. क. हे पत्र खुशालीचं नाही, हे कळलंच असेल. शुक्रवारी याल का? वडीलधारं माणूस शेजारी बसलं असेल तर मास्तर हात उगारायच्या आधी विचार करतील. नोकरीचं राहू द्या, दुसरी मिळेल.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो, तोच ती ऑफिसच्या दाराशी आली. तिला राहवलं नाही, सकाळीच तिनं वडिलांना सांगून टाकलं. मास्तरांनी गिझर बंद केला, जेवायला बसले नाहीत, आणि एवढंच म्हणाले, "ज्यानं तो हिरवा केला, त्यानं इथं येऊन माझ्यादेखत लाल करावा." उद्या दहाला बोलावलंय. दिवा डबी उघडून हातानंही बदलता येतो, पण डबी उंचावर आहे. स्टूल मी धरीन, म्हणाली. मामा, शुक्रवार सोडा. हे पत्र ऑफिसच्या माणसाच्या हाती धाडतोय, त्याच्याबरोबरच निघा.