नऊ हात शेपूट

२७ ऑगस्ट १९८४, सोमवार. सकाळी ५.१०
आज पांढुर्ण्याला गोटमारीची जत्रा, दोन गावांची दगडफेक. आमचं अर्धं सौंसर पहिल्या बसने गेलं. मी गेलो नाही. दगड मारणं माझ्या स्वभावात नाही. (गेल्या वर्षी कपाळाला तीन टाके पडले, तो विषय वेगळा.)
मोठी बातमी: यंदाच्या रामलीलेत हनुमान मी. बावीस वर्षं वानरसेनेत शेवटच्या रांगेत उभा राहिलो. आता पन्नाशी दारात. यंदा नाही तर कधीच नाही. मारुतीरायाने ऐकलं.
संकल्प: ही सेवा आहे. पार्टापायी एक पैसाही खर्चणार नाही.
बायकोला, नलिनीला, सांगितलं. म्हणाली, "बरं. मंग या शनवारी जामसावळीच्या मारोतीले सांगून येऊ." जाऊच.

३० ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी ७.४०
घरी गणपती बसले. मंडळाने यंदा ड्रेस आणि सामानाचं काम श्रावणशेठ नावाच्या माणसाला दिलं. हसतमुख. म्हणाला, "पार्ट फ्री, रिहर्सल फ्री, चहा फ्री. देवाच्या कामात कलाकाराजवळून पैसे घेऊन राहिलो काय मी?" असा माणूस विरळा.
मला सुतळीचं शेपूट मिळालं, फ्री. एक हात लांब. आखूड वाटतं. पण भाव महत्त्वाचा.

१ सप्टेंबर, शनिवार. दुपारी २.२५
रिहर्सल होती, त्यामुळे जामसावळी पुढच्या शनिवारी.
रावण म्हणजे रवींद्र, कापडाच्या दुकानवाला. रावणाला तीन डोकी फ्री आहेत. रवींद्रने उरलेली सात विकत घेतली. शेठचा नियम असा की जितकी डोकी तितकं बोलणं. माझी दरबारातली चार वाक्यं त्यामुळे गेली.
शेठ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दत्तूभाऊ, तुमचा आवाज लय भारी. पण शेपूट मागच्या लाइनीतून दिसूनच नाही राहिलं." वाढवून मिळतं. हाताप्रमाणे दर आहे.
दोन हात घेतले. याला खर्च म्हणत नाहीत. ही लांबी आहे.

५ सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळी ६.१५
मारुतीच्या देवळात कलाकारांची सभा. असंतोष मोठा. जटायूला फ्रीमध्ये एकच पंख दिला. तो म्हणे, "एका पंखानं मी उडू का गोल फिरू?" सुरेश सीता करतो, त्याला अशोकवन हवं तर दर झाडाचे वेगळे पैसे. "म्या काय उन्हातच बसू काय?" म्हणून तो रडकुंडीला आला.
मी बोललो. चांगला बोललो. उद्यापासून शेठजवळून कोणी काहीही विकत घ्यायचं नाही, अशी शपथ सगळ्यांनी शेंदराला हात लावून घेतली. पहिला हात माझा. टाळ्या.
डोमाजीने मात्र हात लावला नाही. हा संत्र्याच्या बागेत कामाला जातो, वानरसेनेत माझ्या शेजारी उभा राहायचा. म्हणाला, "म्या तं काही घेतच नाही, मंग शपथ कायची?" बुद्धी साधी आहे.

६ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ७.०५
शपथ कोण मोडतं ते पाहायला शेठच्या खोलीवर गेलो. दार उघडायच्या आधीच पोचलो, म्हणून रांगेत पहिला नंबर माझाच लागला. मागे सुरेश, तोंडावर दुपट्टा. त्याच्या मागे जटायू. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.
पहिला नंबर असल्यावर काही न घेता परतणं बरं दिसेना. आणखी तीन हात. आता सहा.

१२ सप्टेंबर, बुधवार. दुपारी १.३०
शेठने नवीन पत्र्याची पेटी आणली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडकी. पैसे द्या, डोळे मिटा, एक उचला. सोनेरी गदा एकाच पुडक्यात आहे, आणि ती अशीच मिळते, नुसती विकत मिळत नाही.
मला निघालं शूर्पणखेचं नाक. लाकडी, लाल रंगाचं.
हरकत नाही. पहिली वेळ होती.

१३ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी १.२०
शूर्पणखेचं नाक.

१४ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी १.१५
शूर्पणखेचं नाक. शेठ म्हणाला, "तीन झाले न? म्हणजे चवथ्याले गदाच." मी मंडीत तोलाईचं काम करतो, तराजू कुठे झुकतो ते मला कळतं. पण चौथ्याला द्यायला खिशात काही नव्हतं.
शूर्पणखा करणाऱ्याला एक नाक देऊ केलं. त्याच्याजवळ पाच आहेत.

१५ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ८.००
नलिनी शेजारच्या रजनीताईंबरोबर जामसावळीला जाऊन आली. हे तिसऱ्यांदा मी नाही. प्रसाद दिला आणि म्हणाली, "तिथं तं मारोती निजूनच हाये. गदा खांद्यावर नाही, उड्डाण नाही. तरी माणसं येऊनच राहिली." तिला समजावलं की ते देऊळ आहे, हे स्टेज आहे. स्टेजवर निजून चालत नाही. तिने समजून घेतलं असावं. उठून पाणी भरायला गेली.

२२ सप्टेंबर, शनिवार. ऊन ओट्यावर आलं तेव्हा
मनगटावरचं घड्याळ शेठला दिलं. मंडीत भोंगा वाजतो, घड्याळाची गरजच काय? त्याच्या बदल्यात शेपूट नऊ हात झालं. तपकिरी मखमल, टोकाला सोनेरी गोंडा. या तालुक्यात असं शेपूट झालं नसेल.
डोमाजी अजून फुकटच्या एक हात सुतळीवर. कीव आली. एक नाक देऊ केलं. म्हणाला, "वांदराले असं नाक कायले, भाऊ?"

३० सप्टेंबर, रविवार. ऊन उतरलं तेव्हा
रिहर्सल. चालताना शेपूट दोन जणांना उचलावं लागतं, त्याने रुबाब येतो.
नवी अडचण. रवींद्र म्हणतो लंका जाळू देणार नाही. "सोन्याचा कागद म्या लावला, पैसे म्या भरले. अन् तुम्ही येऊन पेटवून देऊन राहिले? काहून बाप्पा?" शेठकडे न्याय मागितला. तो म्हणाला, लंका न जळण्याचे पैसे भरलेले आहेत. जळण्याचे कोणी जास्त भरले तर विचार करू.
मी भरणार नाही. माझ्यामागे मारुतीराय आहे. परवा मंगळवार, लंकादहन. पेटवीनच.

३ ऑक्टोबर, बुधवार. पहाट, कोंबडा झाल्यावर
काल काय झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण गावात भलतंच बोलून राहिले.
मैदान भरलं होतं. नलिनी बायकांच्या पहिल्या ओळीत. मी रावणाच्या दरबारात. शेपूट पाहून लोकांनी शिट्ट्या मारल्या, हे कोणी सांगत नाही. राक्षस घासलेटाचा डबा आणि चिंधी घेऊन आले. टोकाला चिंधी बांधायची, पेटवायची, मी कागदी लंकेवरून उडी मारायची.
चिंधी गोंड्याला लावली आणि मी म्हणालो, "थांबा."
एवढंच म्हणालो. घासलेटाचा डाग मखमलीवरून निघत नाही. मी शेपूट छातीशी गोळा केलं. राक्षस ओढायला लागले, मी सोडेना. रवींद्र दहाही डोकी हलवून ओरडला, "सोडू नका, दत्तूभाऊ! शाबास!" बावीस वर्षांत मला स्टेजवर पहिल्यांदा शाबास मिळाली, ती रावणाकडून.
मागून कोणी ओरडलं, "अबे हनुमान, जाळतं का घडी घालून ठेवतं?"
तेवढ्यात विंगेतून डोमाजी आला. सुतळीचं शेपूट घासलेटात बुचकळलं, पेटवलं, आणि जय बजरंगबली म्हणत लंकेवरून गेला. कागदच तो. भडकलाच. रवींद्रने डोकी काढून पाण्याची बादली शोधली.
हा प्रसंग रामायणात नाही. लंकेत हनुमान एकटाच गेला होता, वानराचं तिथे काय काम? पण जयजयकार झाला तो डोमाजीचा. बायकांच्या ओळीत सगळ्यात मोठी टाळी कोणाची होती ते मी पाहिलं. लिहीत नाही.

४ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. वेळ माहीत नाही
डोमाजी सोनं द्यायला आला. पाया पडला. म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. तुम्ही थांबून गेले, म्हणून म्या गेलो." पुढच्या वर्षी हनुमान त्याचा. शेठ कालच्या बसने गेला, पेटी घेऊन. रवींद्रच्या दहा डोक्यांशी त्याची मुलं खेळत आहेत.
नलिनीने शेपूट दाराच्या खांबापासून कडुनिंबापर्यंत बांधलं आणि धुणं वाळत घातलं. मखमल आहे म्हणून सांगितलं. "म्हणूनच तं," म्हणाली, "कपडे घसरून नाही राहिले."
शनिवारी जामसावळीला चला म्हणते. हो म्हटलं.
एकच विचार सकाळपासून डोक्यात आहे. मारुतीरायाचं शेपूट पेटवलं तेव्हा ते किती हात होतं, हे कुठल्याही पोथीत मी वाचलेलं नाही. बहुधा त्याने मोजलं नसावं.