हत्तिणीच्या मापाची चादर

३ नोव्हेंबर, सोमवार

पाचवं घर नापास! कारण — खांब.

घरात काही खोट नव्हती. दोन बाजूंना खिडक्या, स्वयंपाकघरात भरपूर उजेड, लिफ्ट दारासमोर. पण हे घरात शिरतील तर ना! आधी थेट तळघरात, पार्किंग बघायला. जागेच्या डाव्या अंगाला एक खांब. हे त्या खांबाकडे असे बघत राहिले, जसे किडलेल्या दाढेकडे बघायचे. मग म्हणाले, "नाही. तुझ्या बाजूचं दार उघडणार नाही."

झालं. पस्तीस वर्षं माणसांच्या तोंडात, दोन बोटांच्या जागेत काम केलेला दंतवैद्य — आणि ह्यांना खांब आडवा येतो!

आमचं हे घर तीस तारखेला रिकामं करून द्यायचं आहे. घेणारं जोडपं पडद्यांची मापंसुद्धा घेऊन गेलं. ती मुलगी माझ्यासमोर माझ्या खिडकीला टेप लावत होती आणि टेप उलटा धरला होता. सत्तावीस दिवस राहिले.

५ नोव्हेंबर, बुधवार

हे फक्त इथेच लिहिते. गुडघे.

तिसरा मजला, बावन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. दूध घेऊन वर येताना हल्ली दुसऱ्या मजल्यावर थांबते आणि नोटीस बोर्ड वाचते. पाण्याची टाकी धुण्याची नोटीस आहे. तोंडपाठ झाली. ह्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सांगितलं की ह्यांचा लेकीला फोन, लेकीचा मला फोन — "आई, तू नुसती बसून राहा बरं!" मला बसवून ठेवणारा अजून जन्मायचा आहे. लिफ्टचं घर मिळालं की विषय संपला.

पण मध्ये उभी आहे ती गाडी! बावीस वर्षांची, लांबलचक, मागे दिवाणासारखी डिकी. मी तिला हत्तीण म्हणते. हे दर रविवारी तिची चाकं घासतात — जुन्या टूथब्रशांनी. वरून खाली, गोल गोल.

८ नोव्हेंबर, शनिवार

एजंट प्रत्येक जागेला "होऊन जाईल काकू!" म्हणतो. मी त्याची काकू नव्हे, आणि नुसतं म्हणून काहीही होत नाही. माप लागतं. एकतीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलं ते कशासाठी?

आज चार जुन्या चादरी जोडल्या आणि खाली अंगणात हत्तिणीशेजारी अंथरून तिचं माप बेतलं. खडूने आखलं, कापलं, टीप घातली. चारी दारांना उघडणारे पंख शिवले. आरशांना दोन कान. आता एजंटच्या तोंडाकडे बघायला नको. जागेत अंथरायची — बसली तर बसली.

तळमजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "काय शिवताय?"

"गाडी," म्हटलं.

त्यांनी खिडकी लावून घेतली.

९ नोव्हेंबर, रविवार

सहावं घर. फाटकावरच्या वॉचमनने अडवलं. पार्किंगमध्ये जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद हवी म्हणे.

"गाडी नाही, चादर आहे."

"मग नंबर काय लिहू?"

शेवटी वहीत लिहिलं — चादर, पांढरी, आत ९.४०. शिस्तीचा माणूस. मला आवडला.

अंथरली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं रेघेबाहेर! नापास. ह्या वेळी मी केलं. तोवर सोसायटीतली मुलं जमली, त्यातला एक ड्रायव्हरच्या जागी मांडी घालून बसला आणि हॉर्न वाजवू लागला. तोंडाने. हे त्याला म्हणाले, "दात दाखव बघू." मुलं पळाली.

निघताना वॉचमन — "चादर बाहेर, १०.१५." माणूस खरंच आवडला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सातवं. इथे पार्किंग यंत्राचं. लोखंडी पाट्यावर गाडी ठेवायची, बटण दाबायचं, गाडी वर जाते, खाली दुसऱ्याची. हे म्हणाले, "आणि वर अडकली तर?"

"होऊन जाईल सर!" म्हणत एजंटने पाट्यावर माझी चादर अंथरून बटण दाबलं. चादर वर गेली. वीज गेली.

चाळीस मिनिटं! हत्तीण वर लटकलेली, एक पंख खाली लोंबतोय. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "पार्किंगमध्ये कपडे कोण वाळत घालतंय?" एजंटने माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्या बोटाकडे असं बघितलं की त्याने ते खिशात घातलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चादर दोनदा धुतली. ऑइलचा डाग जात नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

हे लिहिताना लाज वाटते आहे. लिहिलंच पाहिजे.

आज चादर घडी करताना काहीतरी खटकलं. खाली जाऊन हत्तिणीशी पुन्हा ताडून पाहिली. चहूबाजूंनी चार बोटं जास्त! मी माया सोडली होती. शिलाईत आत दुमडायला जास्तीचं कापड सोडतात ना, ती माया. एकतीस वर्षं वर्गात ओरडले — "मुलींनो, माया सोडा, माया सोडा!" — हात ऐकतोय थोडाच! पण गाडी काय दुमडायची आहे? सहावं घर चार बोटांवरून नापास केलं. म्हणजे बसत होतं!

एजंटला फोन केला. "ते कालच गेलं काकू. घेणाऱ्याकडे सायकल आहे."

ह्यांना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. "जाऊ दे, तसंही तिथे उतार होता," एवढंच म्हणाले. ह्यांना उताराचं काय? हत्तिणीला हँडब्रेक आहे.

माया कापून टाकली. चादर आता काटेकोर. चौदा दिवस.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आठवं घर. एका जागेत दोन गाड्या, एकापुढे एक. आतली शेजाऱ्यांची, बाहेरची आपली. त्यांना निघायचं असेल तर आपण आपली काढायची. शेजारी भेटायला आले, दाढीला साबण लावलेला, तसेच. म्हणाले, "मी निवृत्त आहे हो, कुठे जात नाही. गाडी फक्त चालू करून बंद करतो." ह्याहून चांगला शेजारी कुठे मिळायचा?

चादर बसली! वर दोन वीत जागा शिल्लक. घरही छान. लिफ्ट मोठी, आत बसायला बाकडं. बाकडं! मी मनात सामान लावून मोकळी झाले.

आणि हे — "नाही."

"का?"

"लांब आहे."

"काय लांब आहे?"

"जागा. पार कोपऱ्यात आहे."

"गाडीला चाकं असतात," मी म्हटलं. "तुम्हीच घासता ती."

नुसते हातातला कागद दुमडत राहिले. माझ्या पायाखालचा जिना सुटत नाही तो ह्या माणसाच्या गाडीमुळे, आणि हे ह्यांना सांगायचीही सोय नाही. बोलणं बंद केलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बोलणं बंदच. दुपारी जेवताना लेकीचा फोन. "आई, बाबांना मीठ हवंय."

समोर बसलेत! हातभर अंतरावर! ताटाखाली मोबाइल धरून मेसेज केला होता.

"त्यांना सांग, डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय."

"बाबा म्हणतात, डॉक्टर तेच आहेत."

"दाताचे," मी म्हटलं, आणि मीठ सरकवलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नववं घर. आजवरचं सगळ्यांत चांगलं. पूर्वेला स्वयंपाकघर, शिवणयंत्राला खिडकीशी कोपरा, आणि पार्किंगची जागा अगदी लिफ्टच्या दाराला लागून. दोन वर्षं रिकामी. एजंट ह्या वेळी "होऊन जाईल" म्हणालासुद्धा नाही, नुसते हात जोडून उभा राहिला.

अंथरली. रुंदीला बसली. लांबीला — दीड हात बाहेर! हत्तिणीची डिकी थेट लिफ्टच्या दारात. मी तीनदा अंथरली, तिरकी करून बघितली, पुढचं टोक भिंतीवर चढवून बघितलं. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. डिकीसमोर थबकले, धोतर उचलावं तशी पँट दोन्ही हातांनी उचलली आणि लांब टांग टाकून पलीकडे गेले. "सॉरी हं," म्हणाले. चादरीला.

कापड खोटं बोलत नाही. मीच म्हटलं, "नापास. चला." चादर गुंडाळली. हे तिथेच उभे. इतका वेळ उभे की एजंटला वाटलं ह्यांना चक्कर येतेय.

आठ दिवस! लेक म्हणते तोवर आमच्याकडे राहा. तिचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मी "बघू" म्हटलं आणि आत जाऊन गुडघ्यांना तेल लावलं, दार लावून.

२३ नोव्हेंबर, रविवार

माझी चादर कापली!!

सकाळी उठते तर टेबलावर माझी कात्री — कपड्याची कात्री, जिला ह्या घरात माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, लेकीने एकदा पुठ्ठा कापला तर तिला आठवडाभर ऐकवलं होतं! — आणि खाली फरशीवर चादरीची हत्तीण, मागून दीड हात गायब. कड अशी वाकडीतिकडी, की पहिल्या वर्षाच्या मुलीला नापास केलं असतं.

हे घरात नाहीत. खरी हत्तीणही अंगणात नाही. फोन उचलत नाहीत. आज रविवार, चाकं घासायचा वार, आणि टूथब्रशांचा डबा जागच्या जागी. येऊ देत. आज बोलणं सुरू करणार आहे, आणि ते त्यांना आवडणार नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल संध्याकाळी आले. खाली एक निळी, बुटकी, डिकी नसल्यासारखीच गाडी, बरोबर कापलेल्या चादरीएवढी. हत्तीण विकली. मी तोंड उघडायच्या आत एक दुमडलेला कागद हातात ठेवला, जुन्या औषधाच्या चिठ्ठीचा, ह्यांच्या त्या अगम्य अक्षरात —

'पाचवं: गाडीपासून लिफ्टपर्यंत तिची ९४ पावलं, २ पायऱ्या, खांबामुळे उतरताना गुडघा वळणार. सहावं: उतार, नको. आठवं: १४० पावलं. नववं: ९.' नऊखाली दोन रेघा.

"केव्हापासून माहीत आहे?" मी विचारलं.

"दोन वर्षं. तू सांगितलं नाहीस, मग मी तरी कशाला सांगू?"

मी बराच वेळ कागद वाचला. मग म्हटलं, "कात्री कुणाला विचारून घेतलीत?"

आज अकरा वाजता नवव्या घराच्या कागदांवर सह्या केल्या. तिन्ही जिने उतरताना ह्यांचा हात धरला. भर दिवसा, तळमजल्यावरच्या बाईंसमोर. आधारासाठी. बाकी काही नाही.