सायलीच्या आईचा फोटो

९ फेब्रुवारी, सोमवार

आज गंगापूर रोडवर एका बाईंनी स्कूटी थांबवून विचारलं, "लग्नाचे फोटो काढता त्या तुम्हीच ना?"

मीच!

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला, नवनाथला, सातपूरच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही चंद्रपूर सोडलं. इथल्या पहिल्या लग्नात दोन कॅमेरे गळ्यात अडकवून उभी होते, तरी नवरीच्या वडिलांनी मलाच विचारलं — "फोटोग्राफर कधी येणार?" माझं 'काढून राहिली' ऐकून पोरी खुदखुदायच्या. हसोत बापड्या. या सीझनला अकरा लग्नं आहेत माझ्याकडे!

११ फेब्रुवारी

दिंडोरीकडची सायली आली होती, आईला घेऊन. भिमाबाई. अंगणवाडीत मदतनीस आहेत. चाळिशीच्या असतील, पण पाठीत वाकून बसतात. सायलीची एकच अट — "ताई, आईचे भरपूर फोटो पाहिजेत."

भिमाबाई हसल्या. "माझे कशाला? मी कुठं उभी ऱ्हाऊ?"

मला वाटलं, लाजताहेत.

२२ फेब्रुवारी

हळद. दिवसभर भिमाबाई राबत होत्या. मी कॅमेरा उचलला की बाजूला! आता फोटो बघतेय तर सगळीकडे त्यांची पाठ, नाहीतर पदराचं टोक.

नवरीला हळद लावायला त्या आल्याच नाहीत. मी बोलवायला निघाले तर त्यांच्या चुलत सासू नवसाबाईंनी माझा हात धरला. "तिनं नस्तं लावायचं. मालक जाऊन चौदा वर्सं झाली ना तिचा."

पोटच्या पोरीला हळद लावायची नाही!

२३ फेब्रुवारी

खूप उशीर झालाय. पण लिहितेच.

मंगलाष्टकांना थोडा वेळ होता. भिमाबाई खाली, शेवटच्या रांगेत. मी माईकवरच सांगितलं — नवरीच्या आईंनी स्टेजवर यावं, फोटो काढायचाय.

नवरदेवाचे मामा सोमनाथराव ताडकन उठले. "ओ फोटोवाल्या बाई! तुमच्या चंद्रपूरला चालत असंल. इथं नाय. आधी शुभकार्य होऊ द्या."

अख्खा मांडव माझ्याकडे बघतोय. मला एवढंच सुचलं — "आईचा फोटो नवरीने सांगितलाय. तो झाल्याशिवाय मी पुढचा काढत नाही."

"मग निघा!"

तेवढ्यात सायली पाटावरून उठली. "त्या गेल्या तर मी पण बसत नाही."

मग नवरदेव, रुद्र, स्टेजवरून उतरला. मुंडावळ्या बांधलेल्या तशाच. शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेला आणि भिमाबाईंचा हात धरून म्हणाला, "चला आई."

त्या दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. कुठे बघायचं ते कळेना त्यांना. मी म्हटलं, माझ्याकडे बघा. बघितलं! सरळ, मान वर करून.

हजारो फोटो काढले असतील आजवर. हा माझा सगळ्यात चांगला.

२७ फेब्रुवारी

सोमनाथरावांच्या नात्यातली दोन लग्नं गेली. "आम्ही दुसरा बघितला," एवढाच निरोप. नवनाथला भीतभीत सांगितलं. म्हणाला, "नऊ राहिली ना? आणि तू बरोबरच केलंस."

१० मार्च

अल्बम न्यायला भिमाबाई एकट्याच आल्या. तो फोटो कितीतरी वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं मी लय म्हातारी झाले."

मी म्हटलं, कोण म्हणतं?

"कोणी म्हणत नव्हतं. मीच."

२ एप्रिल

सकाळी भिमाबाईंचा फोन. "ताई, अक्षय्य तृतीयेला मोकळ्या आहात का? लग्न हाय."

कोणाचं, विचारलं. पलीकडून हळूच —

"माझं."