रविवारची ऑनलाइन हजामत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींचं पोट आणि सूनबाईंचा राग सगळं ताब्यात असेल, अशी आशा करतो. मी मजेत आहे. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.)

पत्राला कारण की, आजाराच्या भीतीने सगळे दाराआड बसले होते आणि माझं सलून बंद होतं, तेव्हा दर रविवारी अकराला आपलं गणगोत मोबाइलवर जमायचं. पहिल्या रविवारी मला कुणी बोलावलंही नव्हतं. मग भाऊजींनी स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःचे केस कापले आणि ते डोकं बघून तुला भाऊ आठवला. ज्या भावाचा धंदा चारचौघांत सांगताना थोरल्याची जीभ अडखळते (तो म्हणतो, 'धाकटा बिझनेसमध्ये आहे'), तो एका रात्रीत सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाला.

मग काय विचारता! घरोघरी गळ्याला चादर, हातात कात्री आणि पडद्यावर मी. आयुष्यभर आरशात बघून काम केलेलं, त्यामुळे मोबाइलवर डावी-उजवी उलटी होते हे माझ्या टाळक्यात शिरेना. मी डावीकडचे सांगायचो, तू बिचारी इमानाने उजवीकडचे भादरायचीस. तीन आठवडे भाऊजींची एक बाजू लष्करात आणि दुसरी नाटक कंपनीत होती. वहिनीने थोरल्याच्या कानामागे असा खड्डा पाडला की ऑफिसच्या मीटिंगला तो महिनाभर एकाच अंगाने बसला. हसून हसून आपली पोटं दुखली. ताई, पंचवीस वर्षांत आपण भावंडं एवढं बोललो नव्हतो. मानेवर कात्री चालू असली की माणूस मोकळा होतो, हे दुकानात रोज बघतो, घरात पहिल्यांदा बघितलं. आईच्या आजारपणात मला उशिरा कळवलं म्हणून थोरल्याने मान खाली घालून माफी मागितली, तीसुद्धा वहिनी मागचे केस कापत असताना.

पण मी पडलो अस्सल गाढव. हातचं न राखता शिकवलं. दहा आठवड्यांत तुम्ही सगळे तरबेज झालात. आधी थोरला गळला, मग भाचा 'मामा, आता जमतं आम्हाला' म्हणून गेला, मग तूही. शेवटच्या रविवारी पाऊण तास मी पडद्यावर माझंच थोबाड बघत बसलो होतो. (माझे केस कॉलरला टेकले होते. ते कोण कापणार, हे दहा आठवड्यांत एकानेही विचारलं नाही.)

आता दुकान उघडलंय. काल थोरला समोरून गेला. मी हात केला. त्याने काचेबाहेरूनच डोक्याकडे बोट दाखवलं, 'घरीच केले, झकास ना?' अशी खूण केली आणि चालता झाला. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मुळात न्हाव्यावर असणार, कुणीतरी ती वैद्याच्या गळ्यात मारली.

असो. मला राग आलेला नाही, एवढंच कळवायचं होतं.

तुझा,
धाकटा

ता. क. राग आलाय.

ता. क. दुसरा : येत्या रविवारी भाऊजींच्या डोक्यावर मशीन फिरवताना तुझा हात जरा हलू दे. फार नको, कानाच्या वर बोटभर. मग घाबरून सगळ्यांना बोलाव, थोरल्यालाही. पुढचं मी बघतो. एवढा खड्डा निस्तरायला सात-आठ रविवार तरी लागतील, असं सांगेन.