मास्तरांची गाडी नापास केल्याबद्दल

आदरणीय दादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरंच वाकून. दिवसभर लोकांच्या गाड्यांखाली असतो, सरळ उभं राहायची सवयच सुटली आहे.) तुमची आणि वहिनींची तब्येत बरी असेल, तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात तुमची बहीण गेले चार दिवस माझ्याशी बोलत नाही आणि तुमचे वडील माझं नावही काढत नाहीत. फोनच केला असता. पण भिंतींना कान असतात म्हणतात ते आमच्या घरात खोटं आहे. भिंती बहिऱ्या आहेत, कान तुमच्या बहिणीला आहेत. म्हणून हे पत्र ऑफिसात तक्रारवहीच्या आड धरून लिहितोय.

तुमच्या कानावर एक बाजू आली असेलच. दुसरी माझ्याकडून ऐका. मंगळवारी मी मास्तरांची गाडी नापास केली. (त्यांना मास्तर म्हणतो याचा राग मानू नका. ज्या माणसाने चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवून अख्ख्या गावाला क्लच सोडायला शिकवलं, त्याला सासरे म्हणायला जीभ वळत नाही. मलाही त्यांनीच शिकवलं. तेव्हा तुमच्या बहिणीला मागच्या सीटवर बसवायचे, मागे माणूस असलं की नवशिक्याचा हात जपून चालतो म्हणून. पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणजे दोष माझ्या एकट्याचा नाही.)

तुमची गाडी नवी, तुम्हाला नियम ठाऊक नसेल. जुन्या गाडीला दर वर्षी आमच्या तपासणी केंद्रात यावं लागतं. दिवे, धूर, टायर, ब्रेक, खालचा सांगाडा, सगळं बघतो. पास झाली तर वर्षाचा दाखला, नाही तर पंधरा दिवसांत दुरुस्त करून पुन्हा आणायची. दाखला नसेल तर विमा नाही आणि रस्त्यात पकडली तर गाडी जप्त. मास्तरांच्या दाखल्याचा मंगळवार हा शेवटचा दिवस होता. महिनाभर मी मागे लागलो होतो. "तू तुझे पाने-पक्कड सांभाळ," एवढंच उत्तर.

सोमवारी संध्याकाळी ते मुलीला भेटायला म्हणून आमच्याकडे आले. तिने मला इस्त्रीचे कपडे आणायला पाठवलं, तिथून औषधाच्या दुकानात, तिथून परत इस्त्रीवाल्याकडे, कारण उशीचा एक अभ्रा राहिला होता. (आमच्या घरात आजवर अभ्र्याला इस्त्री झालेली नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.) मंगळवारी सकाळी म्हणाली, "आज बसने जा ना, गाडी मला लागणार आहे." गेलो.

दुपारी पावणेचारला, दार बंद व्हायला सव्वा तास असताना, मास्तर रांगेत आले. रांगेतले निम्मे त्यांचेच विद्यार्थी. "मास्तर, तुम्ही व्हा पुढे" करत करत लोकांनी त्यांना पहिल्या नंबरावर आणून उभं केलं. मास्तर खिडकीतून सगळ्यांना सांगत होते, "आत आपला जावईच आहे." आठ वर्षांत मी ओळखीच्या माणसाची गाडी कधी स्वतः तपासली नाही, सोबत्याकडे देतो. सोबती नेमका रजेवर. आणि रांगेत तिघे असे, ज्यांना मी गेल्याच महिन्यात परत पाठवलं होतं. जावई सासऱ्याला कसा सोडतो हे बघायला ते हातातला चहा तसाच धरून उभे.

दिवे पास. धूर पास. गाडी तपासणीच्या खड्ड्यावर आली, मी खाली उतरून टॉर्च मारला, आणि मागच्या डाव्या टायरवर मला आमच्या फाटकाचा हिरवा रंग दिसला. फाटक रंगवताना डबा माझ्याच हातून कलंडला होता. चारही टायर माझे! म्हणजे माझी गाडी घरी मास्तरांच्या गुळगुळीत टायरांवर उभी. (उभी कसली, तुमची बहीण त्यांच्यावरून बाजार करून आली.) वरून मास्तर विचारतात, "टायर कसे आहेत?" मी म्हणालो, "उत्तम. मालक जपणारा दिसतो." ते म्हणाले, "माणूस बरा आहे. जरा भोळा आहे." नियमात टायर किती झिजलाय एवढंच विचारलंय, कुणाचा आहे ते नाही. पास.

राहिले ब्रेक. ही चाचणी रोलरवर होते. मालक गाडी पुढे आणतो आणि तपासनीस समोर उभा राहून हाताने खुणा करतो: या, या, थांबा. मास्तर आले, चाकं रोलरवर बसली, आकडे आले. मी कागदावर लिहिलं: हँडब्रेक अपुरा. नापास.

रांगेतले ते तिघे चहा खाली ठेवून पुढे सरकले.

"कितीने कमी?" मास्तरांनी विचारलं.

"थोडक्यात."

"हँडब्रेकवर चढाला गाडी धरायला तुला कुणी शिकवलं? पुन्हा मोज."

मी म्हणालो, यंत्र तापलंय. तेवढ्यात साहेब बाहेर आले. (तेही मास्तरांचेच, लायसन्सला तीनदा नापास.) मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, त्यांचं वय बघ. एकदा मोजून टाक, मिटव." मी हात खिशात कोंबले. म्हणालो, "सही माझी आहे, साहेब." रांगेतल्या एकाने टाळी वाजवली. त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली.

मास्तर खाली उतरले. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "नापास गाडी मी चालवत नाही. तूच ने." आणि उन्हात पायी निघाले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो कागद मी तिथेच फाडला असता.

तर दादा, नियम तो नियम, सासऱ्याला वेगळा आणि परक्याला वेगळा नाही. तुम्ही हुद्द्यावरचे आहात, समजून घ्याल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सध्या घरातून बडतर्फ मेहुणा

ता. क. वरचं सगळं तुमच्या बहिणीच्या हाती लागलं तर म्हणून लिहिलं. (सही आली की ती पुढे वाचत नाही.) हँडब्रेक धडधाकट आहे. झालं असं की मी समोर उभा राहून दोन्ही हात वर केले, थांबा. मास्तर येत राहिले. मी ओरडलो, तरी येत राहिले. बंपर गुडघ्याला लागला, मी दोन्ही पंजे बॉनेटवर आपटले, तेव्हा थांबले. काच खाली करून म्हणाले, "कोण आहे रे तिथे?" भर उजेडात, दादा, आणि त्यांनी मला ओळखलं नाही. लोकांना वाटलं, सासरा जावयाची फिरकी घेतोय. हसले. मग गाडी मागे घेऊन नीट मोजलं, सगळे आकडे पास आले. आमच्या कागदावर डोळ्यांचा रकाना नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं, ते हँडब्रेकच्या रकान्यात लिहिलं.

ता. क. दुसरा. त्याच संध्याकाळी आईंचा फोन आला. हळू आवाजात म्हणाल्या, "बरं केलंस. दोन महिने मी शेजारी बसून सांगतेय, डावीकडे सायकल, पुढे लाल दिवा." आणि ठेवून दिला. पंधरातले चार दिवस संपले. गॅरेजवाला म्हणतो, ब्रेकमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही सापडत नाही. त्याला शपथ घातली आहे, पण तोही मास्तरांचाच, किती दिवस टिकेल देव जाणे. तुम्ही या. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. मला जमत नाही. मुलगा बोलला तर रागावतील, पण ऐकतील.

ता. क. शेवटचा. कोणत्या गाडीने येताय ते त्यांना मुळीच कळवू नका. किल्ली माझ्याकडे आहे खरी, पण मास्तरांना आपली गाडी द्यायला नाही म्हणेल असा माणूस या गावात नाही, आणि ते तुम्हाला घ्यायला स्टेशनवर येतील.