डिस्क नीट बंद झालेली नाही

४ मार्च
नवी नोकरी, नवं टेबल! जुन्या व्हिडिओ गेमचं दुकान आहे, मागच्या खोलीत माझी दुरुस्तीची जागा. खिडकीतून छान ऊन येतं, खुर्ची तेवढी कुरकुरते. मालकीणबाई मोकळ्या स्वभावाच्या. पहिल्याच दिवशी मला काकू म्हणायला लावलं. आधी त्यांचे यजमान, म्हणजे काका, हे काम करायचे. गेल्या वर्षी याच खोलीतून नाहीसे झाले, चप्पल इथंच. एवढं सांगून काकूंनी त्यांचा लाडका गेमबॉक्स पुढे ठेवला: तळहाताएवढा एकच बोर्ड, एक मेमरी कार्ड, आत ढीगभर जुने गेम. टेबलावरच्या जुन्या टीव्हीला जोडून चालू केला की आधी पडद्यावर इशारा येतो: डिस्क (म्हणजे ते कार्डच) नीट बंद झालेली नाही, दुरुस्त करू? मी 'हो' दाबलं. किरकोळ काम.

५ मार्च
पुन्हा तोच इशारा. काल तर मी नीट बंद केला होता. अडॅप्टर कमजोर असेल म्हणून बदलला. कार्ड माझ्या कॉम्प्युटरला लावून तपासलं. कुठल्याच फाइलशी न जुळणारे माहितीचे तुकडे सापडले. 'हो, हो' म्हणत सगळे साफ केले. एवढ्याशा कार्डापुढे हात टेकणाऱ्यातली मी नव्हे.

७ मार्च
इशारा आहेच. या वेळी तुकडे पुसण्याआधी उघडून बघितले. चित्रं निघाली, गेमसारखी ठोकळ्याठोकळ्यांची. हीच खोली, हीच खिडकी. टेबलाशी चष्मा लावलेला माणूस, उजवा हात कोपरापासून नाही. काकूंना हाक मारली. त्यांनी चष्म्यावर बोट ठेवलं. हे तेच, म्हणाल्या. पण त्यांना दोन्ही हात होते.

८ मार्च
त्यांचा हात मी पुसला. 'हो' दाबून, तुकडे साफ करून. काकू म्हणतात, बॉक्स फोडून टाक. तुला काही झालं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू? मी सांगितलं, "काकू, मी मोडलंय, मीच जोडणार."

९ मार्च
'नाही' दाबलं. गेम सुरू झाला. जॉयस्टिकला मी शिवलेही नव्हते, तरी काका खुर्चीतून उठले. पडद्याच्या काचेपाशी आले. उरलेला हात आतून टेकवला. काच फुगली.

१० मार्च
इशारा आता मधूनच येतो. 'हो' आपोआप निवडलं जातं. प्लग उपटला, पडदा चालूच. काकांचे पाय गेले— भर दुपारी, आमच्या डोळ्यांदेखत. घाबरलेय. म्हणून काय झालं? पळणार नाही.

११ मार्च
काकूंनी 'नाही' दाबून धरलंय. दुसऱ्या हाताने माझी कंबर. काच सायीसारखी मऊ. माझा उजवा हात आत— काकांनी धरलाय. गार, पण पकड माणसाची. डाव्या हाताने लिहितेय, कुणाला तरी कळायला हवं.

पडद्यावर माझी बोटं उमटली. खाली ओळ: नवा तुकडा सापडला. पुसू?

पुसून तर बघ.

खांदा आला— त्यांचा की माझा— काकू ओरडतायत, ओढ! सोडणार नाही. नाही सोड